भाकरी कमी, तूप जास्त : चार पद्धतींचा ताळेबंद



हल्ली लग्नाच्या पंगतीत, एस.टी.त, पारावर एकच बोलणं कानी येतं : “भाकरी-भात सोडा, तूप-लोणी खा, वजन उतरतं.” साखर कारखान्याच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण मधुमेह आता बागायतदाराच्या घरातही शिरला आहे, आणि उसाच्या टनेजइतकीच सभासदांची प्रकृतीही आम्हांस मोलाची वाटते. म्हणून या आहाराच्या चार पद्धती ताडून पाहू.

तत्त्व एकच. पिष्टमय पदार्थ व साखर फार कमी केली, की शरीर चरबी जाळू लागते आणि यकृतात ‘कीटोन’ द्रव्ये तयार होतात. मेंदूलाही ती इंधन म्हणून चालतात. फरक आहे तो प्रमाणाचा.

पहिली पद्धत सर्वांत कडक. ती वजनासाठी निघालीच नव्हती. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी ती फेफऱ्यासाठी सुचवली. तीत ४ ग्रॅम स्निग्धांशास प्रथिने व पिष्ट मिळून १ ग्रॅम. प्रत्येक घास काट्यावर तोलायचा! पण गुण आहे. २००८ साली इंग्लंडमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांत, आहार दिलेल्या गटातील ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले. दुसऱ्या गटात ६ टक्केच.

दुसरी पद्धत १९७१ ची, डॉ. पीटर हटनलॉकर यांची. तीत लवकर पचणारं खास तेल वापरतात. त्यामुळे थोडं धान्य जास्त चालतं. मात्र पोट बिघडू शकतं. घरचं खोबरेल म्हणजे ते तेल नव्हे, हे ध्यानात असू द्या.

तिसरी डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांची. १९७२ च्या त्यांच्या पुस्तकाने ती गाजली. तोलणं नाही, पण सुरुवातीस दिवसाला पिष्ट सुमारे २० ग्रॅमच. पुढे हळूहळू वाढवायचं. चौथी त्याहून सैल : ४० ते ६० ग्रॅम, तेही सावकाश पचणारं.

आता आपल्या ताटाचा हिशेब. ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३५ ग्रॅम पिष्ट असतं. म्हणजे तिसऱ्या पद्धतीत अर्धी भाकर खाल्ली की दिवसाचा कोटा जवळजवळ खलास!

मग वजनाचं काय? अमेरिकेत ६०९ प्रौढांवर वर्षभर झालेल्या चाचणीचा निकाल २०१८ साली आला. कमी पिष्टवाल्यांचं वजन सरासरी ६ किलो उतरलं, कमी चरबीवाल्यांचं ५.३ किलो. हा फरक नगण्य ठरला. दोन्ही गटांना साखर व मैदा टाळून भाजीपाला भरपूर खायला सांगितलं होतं. खरी मेख तिथं आहे.

एक कळकळीची विनंती. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर ऐकीव माहितीवर भाकरी एकदम बंद करू नका. औषध तेवढंच राहिलं तर रक्तातील साखर धोक्याइतकी उतरू शकते. माणूस बांधावरच चक्कर येऊन पडायचा. किडनीचा विकार असलेल्यांनी व गरोदर भगिनींनीही आधी डॉक्टरांना विचारावं. फेफऱ्याच्या मुलाला हा आहार द्यायचा तो दवाखान्याच्या देखरेखीखालीच.

साखर आपण पिकवतो, त्याचा अभिमान आहेच. पण चहात दोनऐवजी एकच चमचा घातला, तर कारखाना बंद पडणार नाही. सभासद मात्र धडधाकट राहील!