ऑटोरोटेशनचा सराव आणि प्रशिक्षणातील अपघात

ऑटोरोटेशन ही इंजिन बंद पडलेले हेलिकॉप्टर सुरक्षितपणे जमिनीवर उतरवण्याची पद्धत आहे. हेलिकॉप्टर खाली येत असताना पात्यांमधून खालून वर वाहणाऱ्या हवेमुळे मुख्य रोटर इंजिनाविना फिरत राहतो. हे कौशल्य हेलिकॉप्टर वैमानिकांच्या प्रशिक्षणाचा आवश्यक भाग आहे. मात्र त्याच्या सरावादरम्यानही अनेक अपघात घडले आहेत.

इतिहास

स्पॅनिश अभियंते हुआन दे ला सिएर्वा यांच्या ऑटोजायरोने १९२३ साली यशस्वी उड्डाण केले. त्याचा रोटर याच तत्त्वावर फिरत असे. १० मे १९३७ रोजी जर्मन वैमानिक एवाल्ड रोल्फ्स यांनी फॉके-वुल्फ एफडब्ल्यू ६१ हे हेलिकॉप्टर इंजिन बंद ठेवून उतरवले.

कार्यपद्धती

इंजिन बंद पडताच वैमानिक कलेक्टिव्ह दांडा खाली करून पात्यांचा कोन कमी करतो. जमिनीजवळ आल्यावर हेलिकॉप्टरचे नाक वर उचलून पुढचा व खाली येण्याचा वेग घटवला जातो. शेवटी दांडा वर ओढून रोटरमध्ये साठलेली गतिज ऊर्जा वापरली जाते. ही ऊर्जा फिरण्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे वेग १० टक्क्यांनी घटल्यास ऊर्जा १९ टक्क्यांनी कमी होते. रॉबिन्सन आर२२ सारख्या हलक्या रोटरच्या हेलिकॉप्टरमध्ये चूक सुधारण्यास फारच थोडा अवधी मिळतो.

अपघातांची कारणे

सरावात थ्रॉटल कमी करून इंजिन बंद पडल्याची स्थिती निर्माण केली जाते आणि बहुधा जमिनीलगत इंजिनाची शक्ती पुन्हा घेतली जाते. रोटरचा वेग घटणे, खाली येण्याचा वेग वाढणे, नाक उशिरा किंवा फार खाली आल्यावर उचलल्याने शेपूट जमिनीला लागणे आणि विद्यार्थ्याची चूक सुधारण्यास प्रशिक्षकाने विलंब करणे ही अपघातांची नेहमीची कारणे आहेत. पूर्वसूचना न देता थ्रॉटल एकदम बंद केल्यास विद्यार्थी गोंधळतो, तसेच इंजिन खरोखरच बंद पडू शकते.

प्रतिबंध

रॉबिन्सन कंपनीच्या सुरक्षा सूचनेनुसार, सरावातील अनेक अपघात योग्य स्थिती नसताना १०० फुटांखाली उतरल्याने होतात. या उंचीवर रोटरचा वेग मर्यादेत असणे, हवेतील वेग स्थिर असणे, खाली येण्याचा वेग सामान्य (बहुधा मिनिटाला १,५०० फुटांपेक्षा कमी) असणे आणि वळण पूर्ण झालेले असणे आवश्यक मानले जाते. यांपैकी एकही अट अपूर्ण असल्यास सराव सोडून तत्काळ शक्ती घेऊन पुन्हा वर जावे, असा नियम सुचवला आहे. मिनिटाला १,५०० फूट या वेगाने १०० फुटांवरून जमीन केवळ ४ सेकंदांवर असते. म्हणून हा निर्णय त्याआधीच घ्यावा लागतो. थकव्यामुळे लक्ष विचलित होऊ नये यासाठी सलग ३ ते ४ पेक्षा अधिक ऑटोरोटेशन करू नयेत, असेही त्या सूचनेत म्हटले आहे.