हस्ताच्या पावसात सागरेश्वर

मंडळी, हस्त नक्षत्र लागले की आपल्याकडच्या माणसाचा एक डोळा आभाळाकडे आणि एक पाभरीकडे असतो. शाळूची पेरणी डोक्यावर आलेली असते. अशा घाईच्या दिवसांत मी तुम्हांला रानात फिरायला चला म्हणतो आहे, तेव्हा काहीजण हसतील. खुशाल हसा, पण एक सकाळ मोकळी काढा आणि सागरेश्वरला चला. रान बघायचे तर हेच दिवस. पाऊस सरत आलेला असतो, गवत कमरेला लागते आणि उन्हाचा चटका दहापर्यंत तरी जाणवत नाही. गुरुजींना तर माझे सांगणे अधिकच आहे. निसर्गाच्या पाठातले कितीतरी धडे या वाटेवर उभे आहेत.

पुणे-मिरज रेल्वेवरच्या ताकारीहून देवराष्ट्राकडे निघाले, की खिंडीच्या अंगाने डोंगर चढू लागतो. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या शिवेवर हे अभयारण्य आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे अगदी पायथ्याशी, म्हणून अभयारण्यालाही त्यांचेच नाव दिले आहे. श्रावणी सोमवारी महादेवाला गर्दी होते, ती जुनी देवळे तुम्ही पाहिलीच असतील. पण देवळापुढे रानात जाणारे थोडे.

रान लहान आहे, अवघे १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे २,७०० एकर. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे चांदोली राष्ट्रीय उद्यान ३१७ चौरस किलोमीटरांचे आहे. आणि दुसरा फरक पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. ढग तिथे रिते होऊन इकडे येतात, तेव्हा आपल्या वाट्याला पाचशे-सहाशे उरतो. त्यातलाही मोठा वाटा परतीचा, उत्तरा-हस्ताचा. बारमाही झरा या डोंगरात नाही. साताऱ्याचे वाचक म्हणतील, आमच्याकडे याच दिवसांत कासचे पठार फुलते. फुलते खरेच, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीतही गेले. पण कासचे वैभव निसर्गाचे आहे. सागरेश्वरचे रान माणसांनी केले आहे.

होय, केले आहे! गेल्या शतकात हे डोंगर उघडे पडले होते. चराई आणि जळणाची तोड यांनी दगड वर आले होते. मोहित्यांच्या वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी या रानाचा ध्यास घेतला, वनखात्याने झाडे लावली, आणि आजूबाजूच्या गावांनी आपली गुरे आवरली. चितळ, सांबर, काळवीट ही जनावरे बाहेरून आणून सोडली. १९८५ साली अभयारण्य झाले. झाड लावणाऱ्याचे नाव राहते, ते रास्तच आहे. पण पिढीजात चराईचे रान सोडणाऱ्या मेंढक्याचे आणि दोन गाईंच्या धन्याचे नाव कुठे लिहिलेले नसते. त्यांनी कुऱ्हाड आणि खिल्लार आत घातले असते, तर लावलेले एक रोप जगले नसते.

आता वाटेने चला, आणि सावकाश चला.

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबताना दिसतील. घरटे विणतो तो नर, बरे का. मादी येते, आत डोकावते, पसंत पडले तर राहते. पोरांना विचारा, घरटी झाडाच्या कोणत्या अंगाला जास्त आहेत? पुष्कळदा ती पूर्वेला असतात, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो आणि खोड-फांद्यांचा आडोसा पूर्वेला मिळतो. बघा, मोजा, आणि मगच माझ्यावर विश्वास ठेवा.

वाटेकडेच्या रुईचे पान उलटा. पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडेल. रुईच्या विषारी चिकात ही बेधडक चरते, ते विष अंगात साठवते आणि पुढे नारिंगी पंखांचे फुलपाखरू होते. पाखराने एकदा तोंडात धरले की कडू लागून टाकून देते आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. याचा फायदा दुसरेच एक फुलपाखरू घेते. त्याचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके. पण मादी मात्र हुबेहूब या नारिंगी कडू फुलपाखरासारखी. अंगात कडूपणा नाही, नुसते सोंग! पुढे खुळखुळ्याची झुडपे लागतील, ज्याच्या वाळल्या शेंगा पोरे वाजवतात तो. त्यावर काळी-निळी फुलपाखरे झुंबडीने बसतात. फूल सोडून ती पानाची जखम, वाळली शेंग चोखत असतात, आणि त्यांत बहुतेक नर असतात. त्या रसातल्या विषारी द्रव्यापासून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात.

गवतातून चालताना धोतराला, पायजम्याला कुसळे टोचतील. शिव्या देण्याआधी एक हातावर घ्या. टोकाला बारीक अणकुचीदार बी, आणि मागे पीळ घातलेली लांब शेपटी. ओल्या फडक्यावर ठेवा. पीळ सुटू लागतो आणि कुसळ आपोआप गरगर फिरते. वाळले की पुन्हा पीळ भरतो. दिवसा ऊन आणि रात्री दव, असे दिवस सुरू झाले की बी याच चालीने जमिनीत गिरमिटासारखे शिरते. टोकाचे केस मागे वळलेले, त्यामुळे शिरलेले परत येत नाही. मेंढीच्या अंगात ते का रुतते, हे आता वेगळे सांगायला नको. शाळेत हा प्रयोग करायला एक पैसा लागत नाही.

जनावरे दिसतीलच असे नाही. गवत उंच असते आणि दहा माणसे बोलत चालली, की अर्ध्या कोसावरचे चितळ सावध होते. खुणा मात्र बघता येतात. एखाद्या कोवळ्या झाडाची साल कमरेच्या उंचीवर घासून सोललेली दिसली, तर ते सांबर समजा. सांबर आणि चितळ यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. सांबराची उन्हाळ्यात गळतात, पावसाळाभर मखमली कातडीखाली वाढतात, आणि पाऊस सरला की ती कातडी झाडावर घासून काढली जाते. काळविटाचे तसे नाही. त्याची पीळदार शिंगे गाईबैलांच्या शिंगांसारखी जन्मभराची. झुडपातून कुत्रे भुंकल्यासारखे ऐकू आले, तर ते भेकर असण्याचा संभव आहे. मोराची पिसे याच दिवसांत झडलेली सापडतात, कारण विणीचा हंगाम संपला की पिसारा आपोआप गळतो. त्यासाठी मोर मारावा लागत नाही, हे पोरांना जरूर सांगा.

काळवीट शोधायचा असेल तर गर्द झाडीत शोधू नका. त्याला मोकळे माळरान लागते. लांबवर दिसावे आणि पळायला वाव असावा. कर्जतजवळचे रेहेकुरीचे अभयारण्य तर २.१७ चौरस किलोमीटरांचेच, पण ते माळाचे आहे आणि काळविटासाठीच राखलेले आहे. आपल्याकडे वन म्हटले की झाड, आणि झाड नसेल तर पडीक, असा एक समज बसला आहे. तो मला पटत नाही. सागरेश्वरच्या पठारावरचे गवत हेही वनच आहे, आणि तिथे प्रत्येक मोकळ्या जागेत खड्डा खणून रोप लावलेच पाहिजे असे नाही.

आता कुंपणाशी या. ज्याचे वावर कुंपणाला लागून आहे, त्याला हे सारे कौतुक ऐकून राग येत असेल, आणि त्याचा राग रास्त आहे. चितळे वाढली, कुंपण जिथे मोडले तिथून बाहेर आली, आणि रात्रीत भुईमूग किंवा शाळूचा कोंब साफ केला. आत एवढे गवत असताना ती बाहेर का येतात? तर गवताला तुरा आला, बी धरले, की त्यातला कस उतरतो आणि ते राठ होते. तुम्ही बैलाला राठ कडबा आणि हिरवा मका दोन्ही दाखवले, तर तो काय खाईल? नेमके त्याच वेळी बाहेर शाळू उगवत असतो. ताकारी योजनेचे पाणी आल्यापासून तर उन्हाळ्यातही बाहेर हिरवे आणि आत करडे अशी स्थिती असते. म्हणून कुंपणाची डागडुजी करायची ती हस्तात, पेरणीबरोबर. पीक गेल्यावर नव्हे. नुकसान झालेच, तर खाल्लेले पीक आणि खुरांचे ठसे आहेत तसे ठेवून लगेच वनखात्याकडे अर्ज करा आणि पंचनामा करून घ्या. भरपाईची तरतूद आहे. दिवस गेले की पुरावा जातो.

आत सोडलेली जनावरे सारी चरणारी. तरस, कोल्हा, साळिंदर आहेत, पण त्यांनी सांबराची संख्या आवरत नाही. वाळवा-शिराळ्याच्या उसात बिबट्या आता नवा राहिलेला नाही, तो इथवर पोचणे अवघड नाही. त्याने चितळे कमी होतील म्हणून आनंद मानावा, की शेरडांची काळजी करावी? गावाने दोन्हींचा विचार आधीच केलेला बरा. रात्री शेरडे बंद गोठ्यात बांधावीत, पोरासोरांना एकटे उसाकडे पाठवू नये.

दुसरी भीती आगीची. आज हिरवे दिसणारे गवत माघात काडीसारखे पेटते. बारमाही पाणी नसलेल्या डोंगरावर वणवा लागला, तर पंचवीस वर्षांचे झाड एका दुपारी जाते. पावसाळा संपला की जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा पट्टा साफ करून आगीची वाट तोडतात. ते काम चालू असेल तर पोरांना उभे करून दाखवा. आणि वाटेवर विडी पेटवू नका, हे सांगायला नको असे वाटते, पण सांगतो.

जाता जाता गुरुजींना एक काम. चातक पावसाबरोबर आफ्रिकेकडून येतो आणि याच सुमारास परत जातो. तो गेला की थोड्याच दिवसांत उत्तरेकडून धोबी येतो, शेपटी वरखाली हलवत पाणवठ्याकाठी पळणारा. शाळेच्या भिंतीवर दोन रकाने आखा. चातक शेवटचा कोणत्या तारखेला ऐकला, धोबी पहिला कोणत्या तारखेला दिसला. शेजारी त्या दिवशीचा पाऊस लिहा. पहिल्या वर्षी चारच ओळी होतील. त्या पुसू नका, पुढच्या वर्षीच्या पोरांना त्यांच्याच खाली लिहू द्या.