पाहुणे घरात, फोल्डर सताड उघडं!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटमधली, मराठीत कायम काठावर पास. तेव्हा शुद्धलेखनाकडे जरा काणाडोळा करा!

मागच्या दिवाळीत घरी गेले होते. हॉलमधला पीसी मीच सेट करून दिलेला. एका फोल्डरमध्ये बाबांचे हिशोब आणि आजीच्या अल्बममधले स्कॅन केलेले फोटो. सारखा पासवर्ड कोण टाकत बसणार, म्हणून पासवर्ड प्रोटेक्शन बंद करून 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन मी मोकळी झाले होते. (इंजिनिअर ना मी!) भाऊबीजेला आत्या आली. आठवीतला आतेभाऊ आपल्या लॅपटॉपवरून त्या फोल्डरमध्ये पिक्चर टाकत बसला. संध्याकाळी म्हणतो, "ताई, जागा नव्हती म्हणून थोडं साफ केलं."

मी धावत जाऊन रिसायकल बिन उघडला. रिकामा! नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जातच नाही, हे मला त्या दिवशी कळले.

मग मात्र नीट वाचून काढलं. विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरला दोन दारं असतात. एक 'शेअरिंग'चे, दुसरे 'सिक्युरिटी' टॅबमधले. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि जे जास्त कडक, तेच चालते. म्हणजे सिक्युरिटीत सगळी सूट असली तरी शेअरिंगमध्ये फक्त 'रीड' दिलं, की पाहुण्याला फोटो बघता येतात, पुसता येत नाहीत. पण तोच पाहुणा पीसीसमोर येऊन बसला तर शेअरिंगचे दार लागूच होत नाही, तिथे एकटी सिक्युरिटी!

आता मी पीसीवर 'पाहुणा' नावाचं साधं, पासवर्डवालं अकाउंट केलंय. पासवर्ड प्रोटेक्शन चालू. 'एव्हरीवन'ला नारळ दिला. 'पाहुणा'ला फोटोंवर फक्त 'रीड', घरच्यांना 'चेंज'. हिशोब वेगळ्या फोल्डरमध्ये, ते शेअरच नाही; कारण वरचं फोल्डर शेअर केलं की आतलं सगळं त्याच्याबरोबर जातं. नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावलं की शेअर यादीत दिसत नाही, पण ते नुसतं लपवणं झालं. नाव माहीत असणारा येतोच. आणि ज्याला नुसतं इंटरनेट हवंय, त्याला राउटरचं गेस्ट वायफाय द्यावं, पीसीपर्यंत येऊच देऊ नये.

आमच्या विंगमधल्या एकीने विचारलं, "मग बिनपासवर्डचं गेस्टच का नको?" अगं, मायक्रोसॉफ्टनेच विंडोज १० च्या एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत २०१७ पासून असा गेस्ट प्रवेश बंद ठेवलाय. त्यात समोरचा कॉम्प्युटर खरा की तोतया, हे तपासायची सोयच नसते.

तुमच्या रूममधल्या पीसीवर आत्ता कोण घुसलंय ते बघायचं असेल तर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये 'शेअर्ड फोल्डर्स', त्यात 'सेशन्स' उघडा. आणि हो, ज्याला कुणाला माझ्या फोल्डरमधल्या असाइनमेंट्स एडिट करायची सवय लागली होती, त्याने आता पासवर्ड मागायला यावे.

आजीचा अल्बम परत स्कॅन करायला घेतलाय. १४० फोटोंपैकी ३२ झाले.