नस दबलीय? मग झोपून राहू नका

कुणाची नस दबली असं कळलं की घरचे पहिल्यांदा त्याचं हलणं-फिरणं बंद करतात. ताट पलंगावर येतं, जिना बंद, वाकणं बंद. ‘महिनाभर सक्त आराम’ हे नातेवाईक सांगतात, शेजारी सांगतात, कधीकधी दवाखान्यातही सांगितलं जातं. महिन्याने मांडीचे स्नायू रोडावलेले असतात आणि पाय टेकवायची भीती बसलेली असते. हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण तो चुकीचा आहे. तसं दिसून येऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी तो थांबत नाही.

१९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नेदरलँड्समधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतली नस दबून पायात कळ जाण्याच्या, १८३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणावर राहायला सांगितलं, उरलेल्यांना झेपेल तसे व्यवहार चालू ठेवायला. दोन आठवड्यांनी झोपलेल्यांपैकी ७० टक्के आणि हिंडत्या-फिरत्यांपैकी ६५ टक्के रुग्णांनी बरं वाटत असल्याचं सांगितलं. एवढ्या रुग्णसंख्येत हा फरक धरण्याजोगा नव्हता. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे आकडा एकच होता, ८७ टक्के. झोपून राहिल्याने पदरात काहीच पडलं नाही. आणि बहुतेकांचं दुखणं तीन महिन्यांत ओसरलं, हेही त्यातून दिसलं.

ते ओसरतं कसं? मणक्यांमधली चकती फाटून तिचा मऊ गर बाहेर आला की शेजारच्या नसेच्या मुळावर दाब येतो. पण कंबरेपासून पोटरीपर्यंत जाणारी कळ नुसत्या दाबाची नसते; त्या गरामुळे नसेभोवती दाह होतो, सूज येते. सूज उतरली की कळ कमी होते, आणि बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं. २०१५ च्या एका आढाव्यात चकतीपासून पूर्ण सुटलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आक्रसले होते, नुसता फुगवटा मात्र १३ टक्क्यांतच. ‘मोठा तुकडा बाहेर आलाय’ या वाक्याने हातपाय गाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आपोआप बरं होणार असेल तर फिजिओथेरपी कशाला, असं कुणी विचारेल. ते आठवडे अंगातली ताकद न गमावता काढायचे असतात, म्हणून. अमेरिकेत सायटिकाच्या २२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत लवकर फिजिओथेरपी सुरू केलेल्यांचं रोजचं हिंडणं-फिरणं इतरांपेक्षा जास्त सुधारलं. फरक माफक होता, पण वर्षभर टिकला.

चांगला फिजिओथेरपिस्ट आधी तपासतो. टाचांवर चालवतो, चवड्यांवर चालवतो, पायाचा अंगठा वर उचलायला लावून त्यात जोर किती आहे ते पाहतो. पाठ कोणत्या दिशेने वाकवली की कळ पायात उतरते आणि कोणत्या दिशेने वर सरकते, हे शोधतो. व्यायामाने पोटरीतली कळ मांडीत आणि मांडीतली कंबरेत आली, तर ती सुधारणेची खूण आहे, कंबर थोडी जास्त दुखली तरी. अनेक रुग्ण नेमके इथेच घाबरून व्यायाम सोडतात, आणि त्याचं फार वाईट वाटतं. नस सरकती ठेवण्याचा व्यायाम तर खुर्चीतच होतो: गुडघा सरळ करताना मान वर, दुमडताना हनुवटी छातीकडे. कळ उठेल इतकं ताणायचं नाही. व्यायामाच्या जोडीला चालणं हवंच. एकदम लांब नको, थोडंथोडं, दिवसातून अनेकदा.

‘फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट’ हा समज रुग्णांइतकाच काही दवाखान्यांनीही रुजवला आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेने सायटिकासाठी व्यायाम सुचवला आहे. ट्रॅक्शन, करंट, अल्ट्रासाउंड आणि कमरेचे पट्टे देऊ नका, असं स्पष्ट म्हटलं आहे. दहा दिवस नुसतं यंत्राखाली झोपवलं जात असेल, तर ‘माझा व्यायाम कधी सुरू होणार?’ असं जरूर विचारा.

नस दबण्याभोवती असे आणखीही समज आहेत. एमआरआयमध्ये चकतीचा फुगवटा दिसला म्हणजे दुखण्याचं मूळ सापडलंच, असं नाही. कोणताही त्रास नसलेल्या तिशीतल्या माणसांपैकी सुमारे ४० टक्क्यांत तो दिसतो.

‘मणक्यात गॅप पडलाय’ म्हणतात. चकती झिजली की मणक्यांमधलं अंतर उलट कमी होतं.

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर पाय लावून घेतात. दबलेल्या नसेवर हा प्रयोग कृपा करून नको.

फळीवर झोपायचीही गरज नाही. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवरच्या स्पॅनिश चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर जास्त आराम पडला.

शस्त्रक्रिया टाळायचीच, असंही नाही. सहा ते बारा आठवडे तीव्र कळ असलेल्या रुग्णांवरच्या २००७ च्या डच चाचणीत शस्त्रक्रियेने आराम लवकर मिळाला. वर्षाने मात्र लवकर शस्त्रक्रिया केलेल्या आणि आधी थांबून पाहिलेल्या, अशा दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे होते. घाई न करता ठरवायला सहसा वेळ असतो. पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, मोठं रुग्णालय गाठायचं. चालताना पाऊल लोंबू लागलं किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तरीही डॉक्टरांना लगेच दाखवायचं. अशा वेळी व्यायाम करत घरी थांबू नये.