श्रीलंकेच्या डोंगराळ प्रदेशातील क्रिकेट मैदाने

श्रीलंकेच्या मध्यवर्ती डोंगराळ प्रदेशातील, मुख्यत्वे कँडी शहराच्या परिसरातील व त्याच्या दक्षिणेकडील चहामळ्यांतील, क्रिकेटची मैदाने. पाहुण्या संघांनी त्यांच्या निसर्गसौंदर्याची वाखाणणी केली आहे. तथापि डोंगरउतारावर सपाट जागा आयती मिळत नाही, ती खोदून व भर घालून तयार करावी लागते. त्यामुळे येथील प्रत्येक मैदानामागे ते करवून घेणाऱ्याचे आर्थिक बळ व मजुरांचे श्रम उभे आहेत.

ब्रिटिशांनी १८१५ मध्ये कँडीचे राज्य घेतल्यानंतर या भागात प्रथम कॉफीची व १८६९ नंतरच्या तांबेरा रोगाने ती नष्ट झाल्यावर चहाची लागवड झाली. मळेवाल्यांनी आपल्या करमणुकीसाठी क्लब काढले. डिकोया खोऱ्यातील डारावेला व नुवारा एलियाजवळील राडेला ही त्यांपैकी प्रसिद्ध मैदाने होत. ऑस्ट्रेलियाला जाणारे इंग्लंडचे संघ १८८२ पासून कोलंबो बंदरात उतरून एखादा सामना खेळत. डोंगरात मात्र सवड असलेले संघच जात. हे क्लब यूरोपीयांपुरते मर्यादित होते. दक्षिण भारतातून आणलेल्या ज्या तमिळ मजुरांच्या श्रमावर हे मळे चालत, त्यांना त्यांत स्थान नव्हते. पुढे १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांपैकी बहुसंख्य लोक राष्ट्रहीन ठरले.

कँडी (उंची सु. ५०० मी.) येथील अस्गिरिया मैदान हे ट्रिनिटी कॉलेज या शाळेचे असून टेकडी कापून ते तयार करण्यात आले व १९१५ मध्ये खुले झाले. शाळेच्या मालकीच्या मैदानावर कसोटी सामने होणे ही अपूर्वच गोष्ट. येथील पहिला कसोटी सामना एप्रिल १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाला. विश्वचषक स्पर्धेत ६ मार्च १९९६ रोजी श्रीलंकेने केन्याविरुद्ध येथे ५ बाद ३९८ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतील तो तेव्हाचा उच्चांक होता. सप्टेंबर १९९९ मध्ये श्रीलंकेने येथेच ऑस्ट्रेलियावर पहिला कसोटी विजय मिळविला, तर ऑगस्ट २००१ मध्ये सौरव गांगुलीच्या नाबाद ९८ धावांमुळे भारत विजयी झाला. मुथय्या मुरलीधरन ह्या कँडीच्या गोलंदाजाने ३ डिसेंबर २००७ रोजी इंग्लंडच्या पॉल कॉलिंगवुडचा त्रिफळा उडवून ७०९ वा बळी मिळविला व शेन वॉर्नचा विक्रम मागे टाकला. त्याचे आजोबा चहामळ्यात कामासाठी दक्षिण भारतातून आले होते. त्या दृष्टीने हा विक्रम या प्रदेशाच्या सामाजिक इतिहासातही नोंदण्याजोगा आहे. अस्गिरिया येथील तो अखेरचा कसोटी सामना ठरला.

अरुंद जागेमुळे तेथे मोठी प्रेक्षागारे उभारणे अवघड होते. त्यानंतर कँडीच्या पूर्वेस पल्लेकेले येथे बांधलेल्या प्रशस्त मैदानावर डिसेंबर २०१० मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. जागेची अडचण दूर झाली, पावसाची नाही. नैर्ऋत्य व ईशान्य हे दोन्ही मोसमी वारे या डोंगरांना अडतात आणि त्यांच्या संधिकाळात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुपारनंतर वादळी सरी कोसळतात. त्यामुळे दौऱ्याचे वेळापत्रक आखताना कोरडा काळ शोधणे कठीण जाते. पहिल्याच कसोटीचा बहुतेक वेळ पावसात गेला. आशिया चषक स्पर्धेत २ सप्टेंबर २०२३ रोजी भारताचा २६६ धावांचा डाव संपल्यावर पाऊस आला आणि पाकिस्तानला फलंदाजीस उतरताच आले नाही.