उंबरखिंडींतला भरंवसा

रोमचा सेनापति वारुस इ. स. ९ मध्यें आर्मिनिअसच्या शब्दावर विसंबून जर्मन अरण्यांत शिरला आणि तीन लीजन सैन्यासह बुडाला. पेण-रोह्याच्या वाचकांस तसेंच अरण्य घराजवळ आहे. नागोठणें, पाली करीत अंबा नदीच्या कांठानें वर गेलें, कीं उंबरखिंड लागते. १६६१ च्या फेब्रुवारींत शाएस्तेखानाचा सरदार कारतलबखान लोणावळ्याकडून येथें उतरला. शिवाजीमहाराजांस आपला बेत ठाऊक नाहीं, हा त्याचा भरंवसा! मावळे दुतर्फा झाडींत दबा धरून होते. पुढें वाट नाहीं, मागें नाहीं, पाणीही नाहीं. (परमानंदाच्या ‘शिवभारतां’त हा प्रसंग मुळांतूनच वाचावा.) अखेर सोबतच्या माहूरच्या रायबागनेनें खानास शरण जाण्याचा सल्ला दिला, त्यानें तो ऐकला. महाराजांनीं खंडणी घेऊन सर्वांस जाऊं दिलें. वारुसासही सेगेस्टीसनें आधींच सावध केलें होतें. त्यानें ऐकलें नाहीं.