कोंबडीघर

कोंबडीघर : (खुराडे). परसात पाळलेल्या कोंबड्यांना रात्रीचा निवारा, अंडी घालण्यास आडोसा व भक्षक प्राण्यांपासून संरक्षण देणारी बंदिस्त जागा. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकतात किंवा पडवीतील खुराड्यात कोंडतात. पक्षी वाढले की, ही जागा अपुरी पडते.

कोंबडीघराचे आकारमान पक्ष्यांची संख्या, त्यांचे वजन व ते किती काळ आत राहतात यांवर ठरते. दिवसभर मोकळ्या हिंडणाऱ्या व केवळ रात्री आत येणाऱ्या पक्ष्यास सु. ०·१ चौ. मी. जागा पुरते. सतत बंदिस्त असलेल्या हलक्या जातीच्या कोंबडीस सु. ०·२ चौ. मी. व भारी जातीच्या कोंबडीस सु. ०·२५ ते ०·३ चौ. मी. जागा लागते. बसण्याच्या दांडीवर प्रत्येक पक्ष्यास १५ ते २० सेंमी. लांबी आणि चार-पाच कोंबड्यांमागे ३० सेंमी. लांबीरुंदीचे एक खुराडीघरटे असावे. यानुसार बंदिस्त ठेवलेल्या हलक्या जातीच्या दहा कोंबड्या व एक कोंबडा यांसाठी २ मी. × १·२ मी. जमीन, १·२ मी. लांबीच्या दोन दांड्या आणि दोन घरटी पुरतात.

एक कोंबडी दिवसाला १०० ग्रॅ.हून अधिक विष्ठा टाकते व तीत बहुतांश पाणी असते. दाटीमुळे भाताच्या तुसाची किंवा लाकडी भुशाची गादी ओली राहते. तीतून निघणाऱ्या अमोनिया वायूमुळे डोळे व श्वासमार्ग यांना इजा होते. ओलाव्यात रक्ती हगवणीचे परजीवी वाढतात. पक्षी एकमेकांची पिसे उपटतात. रानीखेत (मानमोडी) रोग शिरल्यास थोड्याच दिवसांत सर्व कळप दगावू शकतो व अनेकदा घरातील स्त्रीच्या हाती येणारे अंड्यांचे उत्पन्न बुडते. म्हणून लसीकरणाइतकीच पुरेशी जागा महत्त्वाची असते.

केवळ क्षेत्रफळ वाढवून भागत नाही. भिंतींचा वरचा भाग जाळीचा ठेवून हवा खेळती ठेवावी लागते. उष्ण प्रदेशात घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास आत ऊन कमी येते. कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात जमीन खांबांवर उचलून घेतात व छपराच्या पागोळ्या बाहेर काढतात. मुंगूस, रानमांजर व साप शिरू नयेत म्हणून जाळी बारीक छिद्रांची वापरतात.

आकारमान कळपाच्या सर्वाधिक संख्येवरून ठरविणे इष्ट असते. एका खुडूक कोंबडीखाली निघालेली आठ-दहा पिले काही महिन्यांतच मोठ्या पक्ष्यांइतकी जागा व्यापतात. वाढीव जागा नसल्यास नर वेळीच विकून संख्या मर्यादित ठेवावी लागते.